पेव रिकामं होईस्तोवर

चिपळुणात कुणालाही 'जालन्याला जाऊन आले' म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "तिकडे काय आहे बघण्यासारखं?" समुद्र नाही, सुपारी नाही, मासा तर नाहीच नाही. मी आपली सांगते, "ज्वारी आहे." मग समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीनं बघायला लागतो. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं, म्हणजे प्रत्येकाच्या ओटीवर बसून सांगायला नको.

मी कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवते. त्यातला चेटकिणींच्या खटल्यांचा भाग माझ्या खास आवडीचा. गाईचं दूध आटलं, गारा पडल्या, लोणी निघेना, की तिकडच्या गावात कुणीतरी म्हातारी शेजारीण सापडायचीच. पुरुषांवर लांडगा होण्याचा आळ यायचा. लांडग्याच्या कातड्याचा पट्टा कमरेला बांधला की माणूस लांडगा होतो आणि रानात हिंडतो, असं तिथले न्यायाधीशसुद्धा मानायचे. मी हे रंगवून सांगायला लागले की मागच्या बाकावरची मुलंही जागी होतात. या विषयावर माझा हात कुणी धरणार नाही, असा माझा समज होता. तो समज घेऊनच मी गाडीत बसले.

बदनापूर

सन पंच्याऐंशीचा जानेवारी. संक्रांत नुकतीच झाली होती. मनमाडहून निघालेली छोट्या रुळांची गाडी बदनापूरला थांबली तेव्हा उजाडत होतं आणि धुकं इतकं होतं की स्टेशनच्या पाटीवरचं नुसतं 'पूर' दिसत होतं. त्या धुक्यातून डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई आली आणि तिनं माझी पिशवी हिसकावून घेतली. ही शालिनी. पुण्याच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो, आता ती बदनापूरच्या शाळेत शिकवते. दर वर्षी ती हुरड्याला बोलवायची आणि दर वर्षी मी टाळायची. यंदा तिचा निरोप वेगळा होता. "हुरड्याला ये. येताना तुझ्या त्या चेटकिणी घेऊन ये."

मी हसले होते. तिच्या स्वयंपाकघरात बसल्यावर हसू गेलं.

पहिला घास ज्वारीच्या गरम भाकरीचा, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. भाताच्या माणसाला भाकरी कोरडी लागते म्हणतात, पण मी तिसरी भाकरी कधी मागितली ते मलाच कळलं नाही. शालिनी तव्याकडे बघत म्हणाली, "वसू, आमच्या गोदाआत्याला गावातून काढून राह्यलेत गं. अमावस्येच्या आत."

गोदाआत्या म्हणजे तिच्या वडिलांची बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून माहेरी. भावाच्या शेताच्या कडेला एका खोलीत एकटी राहते. आणि शालिनीच्या माहेरी, तीर्थपुरीच्या पुढच्या एका गावात, गेलं वर्षभर सगळे म्हणत होते की ही बाई भानामती करते. करणी, चेटूक याला मराठवाड्यात भानामती म्हणतात.

कारण होतं एक पेव. आमच्याकडे भात कणगीत राहतो. इकडे ज्वारी जमिनीत ठेवतात. माणूस उभा बुडेल एवढा खोल, अरुंद तोंडाचा खड्डा, आत कडब्याचं अस्तर, तोंडावर दगड आणि माती. ज्वारी वर्षानुवर्षं टिकते, पण आत कोंडलेली हवा विषारी होते. तिला 'वाफ' म्हणतात. म्हणून पेव उघडलं की ते रात्रभर तसंच ठेवायचं, मग आत कंदील सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. हा नियम इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. गेल्या वर्षी घरात पाहुणे बसलेले, ज्वारी हवी होती, आणि शालिनीचा भाऊ सर्जेराव कंदील न सोडताच उतरला. बेशुद्ध पडला. ओढून काढला म्हणून वाचला, पण तेव्हापासून त्याचा उजवा हात नीट चालत नाही आणि बोलणं जड झालंय. त्या वेळी पेवाच्या तोंडाशी गोदाआत्या उभी होती.

"पण वाफेनं झालं हे सगळ्यांना माहीतच असणार," मी म्हटलं.

"माहीत आहे ना. म्हणतात, वाफ तर असतीच. पण त्याच दिवशी, त्याच्यावरच, वाफ सोडली कुणी?"

 अगदी हेच मी वर्गात सांगते. गारा पडतात हे जर्मन शेतकऱ्यालाही ठाऊक होतं. त्याचा प्रश्न एवढाच असायचा की माझ्याच शेतावर कुणी पाडल्या.

"अन् मंग भावजयीला व्हायला लागलं," शालिनी म्हणाली. भावजय म्हणजे सर्जेरावची बायको, कौसल्या. ती मधूनच कुत्र्यासारखी ओरडायची. एकदा तसं होत असताना तिनं आत्याचं नाव घेतलं. झालं. भावकीनं ठरवलं, आत्यानं परतूरकडे तिच्या दिराच्या मुलाकडे जावं. त्या मुलानं तिला आजवर दारात उभं केलेलं नाही.

"तू त्यांना सांग," शालिनी म्हणाली. "त्या गोऱ्या लोकांनी काय मूर्खपणा केला ते सांग. माझं ऐकत न्हाईत, घरातली पोर म्हणतात. तू बाहेरची मॅडम."

मला, खरं सांगते, गुदगुल्या झाल्या. आपल्या विषयाचा कुणाला उपयोग होईल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

जुन्या जालन्यातून पुढं

बस बदलायला जालन्यात उतरलो. जुन्या जालन्याच्या गल्लीत धान्याच्या पोत्यांमधून वाट काढत शालिनी एका कापडाच्या दुकानात शिरली आणि हिरवं, लाल काठांचं लुगडं निवडलं. दुकानदार घडी घालता घालता म्हणाला, "बिलकुल पक्का रंग हाय ताई. लग्नाचं घेऊन राह्यल्या का?"

"बोळवणीचं," ती म्हणाली. माहेराहून लेकीला निरोप देताना द्यायचं ते लुगडं. दुकानदार आनंदानं म्हणाला, "मंग तर बराबर रंग घेतला." शालिनीनं पुडकं पोटाशी धरलं आणि तीर्थपुरी येईपर्यंत ते सोडलं नाही. 'पिशवीत ठेवू या का' असं म्हणण्याचा मला धीर झाला नाही.

तीर्थपुरीच्या बाजारात गूळ घेतला आणि पुढं बैलगाडीनं निघालो. त्या वाटेचं मी काय वर्णन करू! आमच्या कोकणात नजर दहा पावलांवर कशालातरी अडकते, माड नाहीतर दगडी गडगा नाहीतर शेजारी. इथे ती निघाली की निघालीच. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच ज्वारी, कणसं दुधावर आलेली, आणि वाऱ्यानं सगळं शिवार एका बाजूला कलायचं आणि सावकाश परत यायचं. उन्हात धूळ तरंगत होती. गाडीत कडब्यावर मी आडवी झाले आणि मला धड झोपही नाही आणि जागही नाही अशी एक गुंगी आली. त्यात माझ्या पुस्तकांतली लाकडी ठशांची चित्रं या ज्वारीत मिसळायला लागली. टोकदार टोप्यांच्या बाया ज्वारीच्या ताटांमधून चालल्यायत. लांडग्याच्या तोंडाचा माणूस बांधावर बसून तंबाखू मळतोय.

जाग आली ती कुत्र्याच्या भुंकण्यानं. गाडी एका घरासमोर उभी होती आणि ओसरीवर एक तरुण बाई सूप हातात घेऊन बसली होती. कुत्रा कुठे दिसेना. शालिनीनं माझा दंड दाबला, तेव्हा मला उमगलं.

ते थोडा वेळच टिकलं. मग त्या बाईनं पदरानं तोंड पुसलं, उठली, आम्हाला पाणी दिलं आणि अतिशय मऊ आवाजात विचारलं, "लई हादरलं का गाडीत, बाई?" ही कौसल्या. मी पाणी प्याले. लांडगामाणसांवर मी किती तास बोलले असेन, पण माणसाच्या गळ्यातून तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

हुरडा

दिवस कलला तसं आम्ही शेतात गेलो. गोवऱ्यांच्या आरावर कोवळी कणसं खुपसायची, वाफ यायला लागली की काढून गरम असतानाच हातावर चोळायची. हिरवे, गोडसर, चिकट दाणे. गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. मी पहिलंच कणीस पुढारीपणानं चोळायला घेतलं आणि तळहात पोळून बसले.

"आण इकडं," कुणीतरी म्हणालं.

गोदाआत्या. बुटकी, कपाळावर गोंदलेलं, समोरचे दोन दात पडलेले, त्यामुळे ती हसली की फार लबाड दिसायची. तिच्या तळहाताची कातडी इतकी जुनी झाली होती की आर तिला बाधत नव्हता. कणीस दोनदा फिरवलं की सगळे दाणे सुटे. मग माझ्या लक्षात आलं. तिनं चोळलेला हुरडा फक्त शालिनी खात होती आणि मी. भावकीची माणसं, बायका आरापलीकडे बसली होती आणि त्यांची कणसं दुसरं कुणी चोळत होतं. तिच्यासमोर पाटीत हिरव्या दाण्यांचा ढीग वाढत होता, निवत होता. तरी ती चोळतच होती.

किसनतात्या हे भावकीतले वडीलधारे. पांढरा पटका, शांत बोलणं, मला आवडावेत असेच. ते म्हणाले, "मॅडम, शालू म्हणती तुम्ही लई मोठ्या इतिहासाच्या. सांगा की काहीतरी."

मी सांगायला सुरुवात केली, आणि मी चांगलं सांगते. आर तांबूस झाला होता, पलीकडची ज्वारी काळी पडत चालली होती. मी त्यांना जर्मनीतली खेडी दाखवली. गारा, आटलेलं दूध, शेजारणीचं नाव. बाईचे हातपाय बांधून तिला पाण्यात टाकायचे. तरंगली तर चेटकीण म्हणून जाळायची, बुडाली तर निर्दोष. शिकलेले लोक, न्यायाधीश, धर्मगुरू, सगळे त्यात होते. किती बाया जाळल्या याचा नेमका हिशोब नाही. मी थांबले आणि आता त्यांना लाज वाटेल म्हणून वाट बघत बसले.

किसनतात्यांनी समाधानानं मान हलवली. "म्हंजे तिकडं बी असतंय!"

"बघा," दुसरे म्हणाले. "आपल्याला अडाणी म्हणत्यात. तिथं तर गोऱ्या साहेबाला बी कळलंय."

"तसं नाही हो," मी म्हटलं, "त्या बाया काही करत नव्हत्या—"

"मंग न्यायाधीश काय येडे व्हते?" किसनतात्या अगदी आदरानं म्हणाले. "शिकलेलं माणूस उगं कामून जाळंल?"

 करायला गेले गणपती, झाला मारुती, तशातली गत. आत्याची केस हरवायला वकीलच लागत होता, तो मी चिपळुणाहून स्वतःच्या खर्चानं आले होते. शालिनी माझ्याकडे बघेना. काहीतरी सावरावं म्हणून मी घाईघाईनं दुसरी गोष्ट काढली.

ही गोष्ट बाल्टिक समुद्राकाठच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. त्यानं कोर्टात आपणहून सांगितलं, "हो, मी लांडगा होतो. पण आम्ही लांडगे देवाची कुत्री आहोत. चेटके आमच्या गावाचं बी-बियाणं चोरून जमिनीखाली नरकात नेतात. आम्ही लांडगे होऊन खाली उतरतो, मारामारी करतो आणि धान्य वर आणतो. त्या वर्षी पीक चांगलं येतं." न्यायाधीशांना कळेना याचं काय करावं. सगळे 'मी नाही, मी नाही' म्हणून रडायचे आणि हा म्हातारा हो म्हणून बसला होता.

 गोदाआत्याचे हात थांबले होते.

"अन् मंग?" ती म्हणाली. "त्याचं काय केलं?"

खोटं सांगावंसं वाटलं. "फटके मारले. आणि गावाबाहेर काढला."

"म्हातारं माणूस," ती म्हणाली. "धान्य आणून देत व्हता तरी बी?"

"तरी."

तिनं पुढचं कणीस उचललं आणि चोळायला लागली.

माळ

सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आले तर आत्या शालीत गुरफटून उभी. "चल," म्हणाली, "तुला तुझ्या गोष्टीतला दाखवते."

शेतामागे माळ आहे. खुरटं गवत, काळे दगड, त्यावर धुकं गुडघ्याएवढं साचलेलं. आम्ही एका दगडाआड बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग धुक्याचाच एक तुकडा चालायला लागला असं वाटलं. लांब पाय, बारीक अंग, मातीच्या रंगाचा. कुत्र्यासारखाच, पण कुत्रा माणसाकडे बघताना काहीतरी मागतो. हा नुसता बघत होता. त्याच्या पायांचा आवाज नव्हता. थंडीनं माझे दात वाजत होते आणि मला वाटलं, हा जर आता उभा राहून बोलायला लागला तर मी अजिबात दचकणार नाही.

"भ्या नको," आत्या पुटपुटली. "त्यो बघून घेतो अन् जातो. माणसासारखं न्हाई, बघून घेऊन मंग गावभर सांगत फिरत न्हाई."

तो गेला. धुकं तिथंच राहिलं. मी म्हटलं, "आत्या, तुम्हाला जायचंय का परतूरला?"

ती एवढा वेळ थट्टेत होती, ती एकदम लहान दिसायला लागली. "न्हाई गं पोरी. मरायचं भ्या न्हाई मला. पर परक्याच्या ओसरीवर मरायचं भ्या वाटतं. हिथं माझा बाप गेला, भाऊ गेला. ह्या मातीत मी रोज पाय घालते. तिकडं मला कुणी पाय ठेव म्हणणार न्हाई."

मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार?

परत आलो तर कौसल्या न्हाणीपाशी भांडी घासत होती. मी तिच्याजवळ बसले आणि राख घेऊन घासायला लागले. आमच्याकडे पाहुणी भांड्यांना हात लावते तेव्हा तिला उठवतात. कौसल्यानं एक पातेलं माझ्याकडे सरकवलं, म्हणून मला तिला विचारता आलं.

"ते येतं तेव्हा कळतं का तुम्हाला?"

"समदं कळतंय बाई. पर थांबत न्हाई." ती बराच वेळ एकच वाटी घासत राहिली. "ह्येंना पेवातनं काढलं तवा मी वरडले. तवापासून ती वरड आत राह्यलीय. येते, जाते."

"आणि आत्याचं नाव?"

तिनं इकडेतिकडे बघितलं. "मी न्हाई घेतलं. समदे गोल करून विचारायले, कुणी केलं, सांग कुणी केलं. मंग म्हणले, गोदाबाईनं का? मी मान हलवली. ते विचारायचं थांबावं म्हणून हलवली."

माझ्या अभ्यासातल्या प्रत्येक खटल्यात हे घडलेलं आहे. मी वर्गात त्याला 'सूचक प्रश्न' म्हणते आणि फळ्यावर लिहून खाली रेघ मारते.

पेव

त्या दुपारी गोदाआत्या भावकीच्या पारावर जाऊन उभी राहिली. शालिनी आणि मी मागे धावत गेलो.

"जाते मी," ती म्हणाली. "पर जायच्या आधी पेव उघडा."

वर्षभर त्या पेवाला कुणी हात लावला नव्हता. आपली ज्वारी जमिनीत आणि घरात बाजारातून आणलेली. किसनतात्या म्हणाले, "उतरंल कोण गोदे?"

"मी."

"काय येड लागलं का?"

"कामून? तुम्हीच म्हणता वाफ माझ्या हुकमातली हाय. मंग मला काय करंल ती? माझ्याबिगर दुसरं कुणी उतरायलाच नको. मॅडमचा त्यो म्हातारा न्हाई का, खाली जाऊन धान्य आणत व्हता." तिनं माझ्याकडे बघून ते बिनदाताचं हसू हसलं. "मी बी तसलीच समजा."

 मान्य केलं तरी पंचाईत, नाकारलं तरी पंचाईत. किसनतात्या शेवटी म्हणाले, "उघडा." पण मला पाण्यात टाकलेल्या बाया आठवल्या. ही खाली मेली तर निर्दोष ठरेल. जिवंत वर आली तर म्हणतील, बघा, वाफेनं हिला काही केलं नाही, चेटकीणच. आणि हा फास तिच्या हातात मीच गोष्टीत गुंडाळून दिला होता.

दगड सरकवला तेव्हा आतून ऊबदार, आंबूस, झोप आणणारा वास आला. रात्रभर पेव उघडं ठेवलं. सकाळी लिंबाचे डहाळे दोरीला बांधून आत वरखाली हलवले, कोंडलेली हवा निघावी म्हणून. मग कंदील सोडला. सगळं गाव वाकून बघत होतं. ज्योत लहान झाली, मग ती पुन्हा सरळ उभी राहिली. पुन्हा वर घेतला, पुन्हा सोडला. जळतच राहिला. मी चार वेळा "अजून थोडा वेळ थांबू या" म्हटलं आणि चारही वेळा आत्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली, लहान पोराची समजूत काढावी तशी.

तिनं ते हिरवं बोळवणीचं लुगडं नेसलं होतं, कासोटा घट्ट मारून. कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक पुढं केलं.

कुणी घेईना. चेटकिणीचा दोर कोण धरणार? पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मी पुढं झाले, शालिनी पुढं झाली, पण आमच्या आधी कौसल्यानं ते टोक घेतलं. तिनं ते आपल्या मनगटाला गुंडाळलं, पाय रोवले. मग सर्जेराव उठला. गेल्या वर्षी ज्या पेवानं त्याचा हात घेतला, त्याच्या तोंडाशी येऊन त्यानं डाव्या हातानं दोर पकडला. जड जिभेनं म्हणाला, "आत्या, जल्दी ये."

ती उतरली. हिरवं लुगडं अंधारात गेलं, मग फक्त दोर दिसत राहिला. खालून काही आवाज नाही. ऊन वर आलं होतं, होले घुमत होते, सगळं गाव उभ्या उभ्या झोपल्यासारखं स्तब्ध. मी चिपळूणच्या सगळ्या देवांना गाऱ्हाणं घातलं. इतिहासाच्या प्राध्यापिकेनं घातलं, लपवत नाही.

"आत्या!" कौसल्या ओरडली. तिच्या गळ्यातून आवाज आला तेव्हा सगळे दचकले. पण तो माणसाचाच आवाज होता.

"वरडू नको गं," खालून आलं. "पाटी सोड."

पाटीमागून पाटी वर आली. पिवळट, आंबूस वासाची ज्वारी. मग आत्या आली, डोक्यापासून पायापर्यंत भुशानं माखलेली, शिंकत. लुगड्याचा पक्का रंग ओळखू येत नव्हता. कौसल्यानं दोर सोडला नव्हता, तिच्या मनगटावर वळ उठले होते. तिनं लहान पोरीसारखं विचारलं, "आत्या, खाली काय हाय वो?"

"काय असंल?" आत्या शिंकत म्हणाली. "अंधार हाय, अन् आपली ज्वारी हाय."

कौसल्या तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. मीही रडले. शालिनीनं तर भोकाडच पसरलं.

मला वाटलं, आता किसनतात्या क्षमा मागतील. एवढं कुठलं नशीब! ते पाटीतली ज्वारी मुठीत घेऊन बराच वेळ हुंगत राहिले. मागे कुणीतरी कुजबुजलं, "बघा, वाफेनं काय केलं न्हाई तिला."  ज्याचं मला भय होतं तेच आलं होतं. किसनतात्यांनी ते ऐकलं. ते सावकाश म्हणाले, "काय न्हाई केलं, हे बराबर हाय. मंग दुसरं कोण उतरणार खाली? तू?" कुजबुजणारा मागे सरकला. "पेव रिकामं होईस्तोवर ऱ्हाऊ द्या तिला. मंग बघू."

न्याय नव्हता हा. निर्दोष म्हणून कुणी सोडलं नव्हतं तिला. चेटकीण उपयोगी पडते म्हणून ठेवून घेतली होती. मला राग आला आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्यानं माझा हात दाबला.

दुपारी कौसल्यानं पेवाच्या ज्वारीच्या भाकरी केल्या. त्या भाकरीला एक आंबूस, जमिनीखालचा वास असतो. इथल्या माणसांना तो आवडतो आणि मला पहिल्या घासाला नकोसा झाला, मग आवडला. आज चिपळुणात बसून तीच आठवण सगळ्यात जास्त येते. पहिली भाकरी कौसल्यानं आत्याच्या हातात दिली. आत्यानं मोडून अर्धी तिला परत दिली आणि तिनं खाल्ली.

निघायच्या वेळी आत्या गाडीपर्यंत आली. लुगडं धुऊन वाळत घातलं होतं, ओसरीवर हिरवं फडफडत होतं. मी तिच्या पाया पडले आणि हळूच म्हटलं, "पण आत्या, पेव रिकामं झाल्यावर?"

तिनं समोर बघितलं. ज्वारी क्षितिजापर्यंत उभी होती, महिना-दीड महिन्यात काढणीला येणारी.

"मी जरा हळूहळूच काढीन की गं," ती म्हणाली. "तवर नवी पडंलच वरून."